चुंबकीय वेशीवरच्या नोंदी वाचताना

पृथ्वीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र आणि सौर वारा जिथे भिडतात तिथलं मोजणाऱ्या नासाच्या एमएमएस (मॅग्नेटोस्फेरिक मल्टिस्केल) मोहिमेतली चार यानं 2015 च्या मार्चमध्ये केप कॅनाव्हेरलहून एकाच रॉकेटमधून वर गेली. तेव्हापासून त्यांनी जमवलेल्या नोंदी कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. त्यासाठी अर्ज लागत नाही, कुणाची ओळख लागत नाही. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी डिसर्टेशनचा विषय ठरत नव्हता, तेव्हा आमच्या मॅडमनी मला हे सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, "आधी एक पारगमन नीट वाचून दाखव, मग विषयाचं बोलू."

पारगमन म्हणजे यानाने पृथ्वीच्या चुंबकावरणाची सीमा ओलांडणं. सूर्याकडून सतत वाहणारा सौर वारा साधारण सेकंदाला चारशे किलोमीटर वेगाने येतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला अडवतं. जिथे दोघांचा दाब सारखा होतो तिथे सीमा तयार होते, तिला मॅग्नेटोपॉज म्हणतात. सूर्याच्या बाजूला ती पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे दहापट अंतरावर, म्हणजे साठ-पासष्ट हजार किलोमीटरवर असते. वारा जोरात आला की आत सरकते, ओसरला की बाहेर जाते.

ही सीमा अभेद्य असती तर वर्णन इथेच संपलं असतं. 1961 साली जेम्स डंजी यांनी मांडलं की सौर वाऱ्याबरोबर आलेलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल, तर सीमेवर ते पृथ्वीच्या उत्तरेकडे वळलेल्या क्षेत्राच्या नेमकं उलटं पडतं. मग दोन्हीकडच्या बलरेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात. एक टोक पृथ्वीत आणि दुसरं थेट सौर वाऱ्यात, अशा रेषा तयार होतात. हेच रिकनेक्शन. चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा त्यातून कणांना मिळते आणि प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूचे, झोत दोन बाजूंना फेकले जातात.

माझं आजोळ गोव्यात दुर्भाटला, झुवारी नदीच्या काठी. तिथल्या खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, बांधाला मानस आहे, म्हणजे पाणी अडवायचं-सोडायचं दार. भरतीचं खारं पाणी बाहेरून दाबायला लागलं की तिची लाकडी दारं आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, कुणाला जाऊन उघडावी लागत नाहीत. डंजींचं म्हणणं पहिल्यांदा समजलं ते मला या मानसीवरून. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की मानस पाण्याच्या पातळीवर चालते आणि मॅग्नेटोपॉजवरचं दार मुख्यतः क्षेत्राच्या दिशेवर. सौर वारा कितीही जोरात असो, क्षेत्र उत्तरेकडे वळलेलं असेल तर सूर्यासमोरच्या भागात दार जवळपास बंदच राहतं.

आता प्रत्यक्ष काम. मॅडमनी सुरुवातीला एक प्रसिद्ध घटना दिली: 16 ऑक्टोबर 2015, जागतिक वेळ 13:07. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे 6 वाजून 37 मिनिटं झाली होती. मी तेव्हा शाळेत होते, नवरात्र चालू होतं, म्हणजे घरी दिवेलागण होऊन रात्री मखर बघायला मर्दोळला जायची गडबड असणार. त्याच वेळी सुमारे 76 हजार किलोमीटरवर ही चार यानं एकमेकांपासून साधारण दहा किलोमीटर अंतर राखून सीमेतून जात होती. जेम्स बर्च आणि सहकाऱ्यांनी या घटनेवर 2016 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात निबंध लिहिला. मला तो निबंध बाजूला ठेवून फक्त फाइलींवरून घटना ओळखायची होती.

फाइली दोन तऱ्हेच्या असतात. एक सर्व्हे, म्हणजे सगळ्या वेळाच्या पण विरळ नोंदी. दुसरी बर्स्ट, म्हणजे पूर्ण वेगाने घेतलेल्या. बर्स्टमध्ये चुंबकीय क्षेत्र सेकंदाला 128 वेळा मोजलेलं असतं, इलेक्ट्रॉनांचं पूर्ण चित्र दर 30 मिलिसेकंदांनी आणि आयनांचं दर 150 मिलिसेकंदांनी. एवढी सगळी माहिती पृथ्वीवर पाठवणं शक्यच नाही. म्हणून यान सगळं स्वतःजवळ साठवतं, खाली बसलेला एक शास्त्रज्ञ विरळ नोंदी चाळून कुठली मिनिटं महत्त्वाची ते निवडतो आणि तेवढीच पूर्ण वेगाची माहिती उतरते. ही पाळी वेगवेगळ्या शास्त्रज्ञांकडे फिरत असते. मला या व्यवस्थेचं फार कौतुक वाटतं. त्या माणसाने त्या दिवशी ती मिनिटं निवडली नसती तर ती पुसली गेली असती.

फोंड्याला पावसाळ्यात वीज जाणं काही नवं नाही, त्यामुळे मोठ्या फाइली मी रात्री उतरवायला लावत असे आणि युनिव्हर्सिटीत गेले की राहिलेल्या. इलेक्ट्रॉनांच्या वितरणाची फाइल सर्वांत जड. पायथनमध्ये या नोंदी वाचायला तयार पॅकेज आहे, त्यामुळे फाइल उघडणं अवघड नाही. काय बघायचं ते ठरवणं अवघड.

मी पहिला आलेख काढला तो चार पट्ट्यांचा, एकाखाली एक: चुंबकीय क्षेत्र, घनता, आयनांचा वेग आणि आयनांच्या ऊर्जेचा रंगीत पट. सीमा ओळखायला हे चारही लागतात. चुंबकावरणाच्या आत क्षेत्र शांत, उत्तरेकडे रोखलेलं, आणि घनता कमी, दर घनसेंटीमीटरला एखादा कण किंवा त्याहूनही कमी. बाहेर मॅग्नेटोशीथमध्ये, म्हणजे सीमेबाहेर अडून मंदावलेल्या सौर वाऱ्याच्या थरात, क्षेत्र खळबळलेलं आणि घनता दहाच्या घरात. ऊर्जेच्या पटात आत हजारो इलेक्ट्रॉनव्होल्टचे विरळ आयन वरच्या बाजूला दिसतात, बाहेर काही शेकड्यांचा दाट पट्टा खाली. हे चारही बदल एकाच वेळी झाले तर समजायचं, सीमा गेली.

'सीमा गेली' हे मी मुद्दाम म्हणते. कक्षेच्या टोकाला यान पृथ्वीच्या संदर्भात सेकंदाला जेमतेम एक किलोमीटर सरकत असतं. केप्लरच्या नियमांवरून मी तो वेग कागदावर काढून पाहिला. मॅग्नेटोपॉज मात्र सेकंदाला दहा-दहा, कधी शंभर किलोमीटर वेगानेही पुढे-मागे होत असते. म्हणजे यान सीमा ओलांडतच नाही, सीमाच यानावरून जाते, कधी एकदा, कधी अर्ध्या तासात पाच-सहा वेळा. हे ध्यानात घेतल्याशिवाय आलेखाचा आडवा अक्ष वाचता येत नाही. तो वेळेचा असतो आणि आपल्याला हवं असतं अंतर. सीमेचा वेग कळला तरच एका सेकंदाची पट्टी म्हणजे किती किलोमीटर ते सांगता येतं.

तो वेग एका यानावरून कधीच कळत नाही. चार का लागतात त्याचं उत्तर इथे आहे. क्षेत्राची दिशा पालटण्याचा क्षण चारही यानांवर किंचित वेगवेगळा येतो. सीमा सेकंदाला पन्नास किलोमीटरने सरकत असेल तर दहा किलोमीटरच्या अंतराला 0.2 सेकंद लागतात. यानांच्या जागा माहीत, क्षण माहीत. तीन समीकरणं मांडली की सीमेची दिशा आणि वेग दोन्ही बाहेर पडतात. चार यानं एका प्रतलात असती तर हे गणित कोसळलं असतं, म्हणून त्यांना चतुष्फलकाच्या चार टोकांवर सांभाळून ठेवतात. पुढे 2016 मध्ये ती एकमेकांच्या सात किलोमीटरपर्यंत जवळ आणली गेली. एवढ्या उंचीवर, सेकंदाला तीन-चारशे किलोमीटरने येणाऱ्या वाऱ्यात!

दिशा काढायची दुसरी रीत बेंग्ट सोनरुप आणि लॉरेन्स केहिल यांनी 1967 मध्ये एक्सप्लोरर 12 या यानाच्या नोंदींवर दाखवली. सीमेच्या लंब दिशेत क्षेत्राचा घटक जवळपास बदलत नाही, या गोष्टीवर ती उभी आहे. क्षेत्राच्या नोंदींतून तीन गुणिले तीनची सारणी करायची, तिची आयगेनमूल्यं, म्हणजे कुठल्या दिशेत क्षेत्र किती बदलतं ते सांगणारे आकडे, काढायची. सर्वांत लहान मूल्याची दिशा लंब, सर्वांत मोठ्याची दिशा ज्यात क्षेत्र पालटतं ती. त्यांना एन आणि एल म्हणतात, उरलेली एम. मी हे गणित आधी वहीत केलं आणि नंतर कोडमध्ये. एल-एम-एन दिशांत आलेख फिरवून घेतला तेव्हा तीन गुंतलेल्या रेघांच्या जागी एकच रेघ उरली जी खालून वर सरळ चढत होती, आणि बाकीच्या दोघी जवळपास स्तब्ध. मॅडम म्हणाल्या, "आता बोलायला लागला बघ तुझा आलेख."

यानंतर झोत. रिकनेक्शन झालं असेल तर सीमेच्या आत आयनांचा वेग एल दिशेत एकदम वाढला पाहिजे आणि ती वाढ आल्फवेन वेगाच्या, म्हणजे प्लाझ्मात बलरेषांवरून लहर ज्या वेगाने जाते त्याच्या, आसपास असली पाहिजे. हा वेग क्षेत्र आणि घनता यांवरून निघतो. 30 नॅनोटेस्ला क्षेत्र आणि दर घनसेंटीमीटरला दहा प्रोटॉन धरले तर सेकंदाला सुमारे 207 किलोमीटर. प्रत्यक्षात दोन्हीकडची घनता वेगळी असल्याने दोन्ही बाजू धरून काढलेलं सूत्र वापरावं लागतं, पण आकडा शेकड्यांतच राहतो. गॉट्झ पाशमन आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये आयसी (ISEE) मोहिमेच्या जोडयानांच्या नोंदींतून हेच झोत दाखवले, आणि डंजींची अठरा वर्षांपूर्वीची मांडणी मॅग्नेटोपॉजवर प्रत्यक्ष मोजमापात उतरली.

तुलनेसाठी मी दुसऱ्याही काही दिवसांची पारगमनं घेतली. त्यांतल्या एकात सीमा स्वच्छ होती, घनता पडली होती, क्षेत्र वळलं होतं, पण झोत नव्हता. बाहेरचं क्षेत्र उत्तरेकडेच कललेलं होतं. दुसऱ्या एकात आधी एका दिशेने झोत आला आणि मग उलट दिशेने, म्हणजे रिकनेक्शनची जागा यानांवरून सरकत गेली होती. सीमा आणि रिकनेक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पुस्तकात वाचलं होतंच, पण झोताविना कोरी गेलेली सीमा बघितली तेव्हा ते खऱ्या अर्थाने पटलं.

याच दिवसांत शेजारचे काका घरी आले. ते अंटार्क्टिकात मैत्री तळावर एक हिवाळा काढून आलेत. वास्कोला सडा इथे जी ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, तिच्यामार्फत ते जनरेटर सांभाळायला गेले होते. स्क्रीनवरचे रंगीत पट बघून त्यांनी विचारलं, "अगो बाय, हे काय ते?" मी सांगितलं, सीमा, बलरेषा, झोत. ते जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तिथे रात्री आकाशात हिरवे पडदे हलायचे. एकदा इतके जोरात, की आम्ही सगळे जेवण टाकून बाहेर. ते यातूनच येतं?"

त्यांना उत्तर देताना माझ्याच डोक्यात पूर्ण चक्र पहिल्यांदा एका ओळीत लागलं. दिवसाच्या बाजूला रेषा उघडतात, सौर वारा त्यांना ध्रुवांवरून मागे ओढून नेतो, रात्रीच्या बाजूला लांबलचक शेपटीत त्या साठतात, तिथे पुन्हा रिकनेक्शन होतं, आणि तिथून पृथ्वीकडे येणाऱ्या ऊर्जेतून कण वातावरणावर आदळून ध्रुवीय प्रकाश उठतो. म्हणजे काकांनी बघितलं ते माझ्या आलेखातलं नव्हे, त्याच्या पुढचं. पण दिवसाकडचं दार उघडल्याशिवाय ते झालं नसतं. काका म्हणाले, "तुमच्या यानांना थंडी लागत नाही, एवढं बरं." आणि आईने ठेवलेला चहा घेऊन उठले.

पुढचा टप्पा इलेक्ट्रॉनांचा. ही मोहीम मुळात त्यासाठीच गेली, आणि मला सर्वांत जास्त सांगायचंय ते याबद्दल. आयनांचा झोत हा परिणाम आहे. रेषा प्रत्यक्ष तुटतात ती जागा त्याहून फार लहान असते. घनता दहा धरली तर आयनांची स्वाभाविक लांबी साधारण 72 किलोमीटर येते, इलेक्ट्रॉनांची दीड-पावणेदोन. एवढ्याशा थरात इलेक्ट्रॉनही बलरेषांना बांधलेले राहत नाहीत. सीमा सेकंदाला पन्नास किलोमीटरने जात असेल तर तो थर सेकंदाच्या लहानशा अंशात यानावरून निघून जातो. आधीच्या यानांना इलेक्ट्रॉनांचं एक पूर्ण चित्र घ्यायला स्वतःभोवतीची एक फेरी, म्हणजे काही सेकंद लागत. एमएमएसच्या प्रत्येक यानावर सगळीकडे तोंड केलेले सोळा वर्णपटमापक (कणांची ऊर्जा मोजणारी उपकरणं) आहेत, आठ इलेक्ट्रॉनांचे आणि आठ आयनांचे, त्यामुळे फिरायची वाट बघावी लागत नाही.

13:07:02 च्या आसपासची चित्रं मी एकेक करून काढली. प्रत्येक चित्र 30 मिलिसेकंदांचं. दोन अक्षांवर क्षेत्राला लंब असलेले दोन वेग, आणि त्या वेगाचे किती इलेक्ट्रॉन आहेत ते रंगात. सुरुवातीच्या चित्रांत मधोमध एक गोल डाग, सगळीकडे सारखा. म्हणजे इलेक्ट्रॉन मजेत रेषांभोवती फिरताहेत, कुठलीही दिशा खास नाही. पुढचं चित्र, पुढचं, तेच. आणि मग एका चित्रात मधल्या डागाच्या एका अंगाला, थोडं अंतर सोडून, लाल-पिवळी चंद्रकोर. तिची आतली कड स्पष्ट, टोकं निमुळती. पुढच्या चित्रातही ती होती. रंगाची पट्टी बदलून बघितली, दुसऱ्या यानाची फाइल लावून बघितली. होतीच.

चंद्रकोर का, याचं स्पष्टीकरण सुंदर आहे. सीमेच्या पृथ्वीकडच्या अंगाला लंब दिशेत जोरदार विद्युतक्षेत्र असतं. बाहेरचे इलेक्ट्रॉन त्याने आत खेचले जातात, वेग घेतात, आतल्या चुंबकीय क्षेत्रात वळतात आणि परत फिरतात. आत जितकं खोल जावं तितका वळणाआधी जास्त वेग लागतो, म्हणून एका ठरावीक खोलीवर फक्त पुरेसा वेग असलेलेच आणि वळणाच्या दिशेने जाणारेच इलेक्ट्रॉन सापडतात. मंद असलेले तिथवर पोचतच नाहीत. ती रिकामी जागा म्हणजे डाग आणि कोर यांमधली फट. मायकेल हेसे आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये, यानं उडायच्या आदल्या वर्षी, संगणकीय प्रतिरूपात हाच आकार दाखवला होता. आकार आधी गणितात, मग आकाशात. फाइलींत अंक असतात फक्त, आणि त्या अंकांतून तोच आकार माझ्या लॅपटॉपवर उभा राहिला, फोंड्यातल्या माझ्या खोलीत. मी आईला हाक मारून दाखवलं.

थोड्या पुढच्या चित्रांत कोर क्षेत्राला लंब राहिली नाही, ती क्षेत्राच्या दिशेने वळलेली दिसली. म्हणजे इलेक्ट्रॉनांना आता रेषेवरून दूर निघून जायची वाट मिळाली होती. बर्च यांच्या निबंधात याचा अर्थ असाच लावलेला आहे: बंद रेषा उघडल्या. बलरेषा डोळ्यांनी दिसत नाहीत, पण त्यांच्या उघडण्याची खूण इलेक्ट्रॉनांच्या वेगात उमटते, हे मला आजही अद्भुत वाटतं.

चंद्रकोर मिळाली म्हणून काम संपत नाही. तशीच कोर थराच्या नेमक्या मध्यापासून बाजूलाही दिसू शकते. म्हणून चार यानांच्या क्षेत्रावरून विद्युतप्रवाह काढला, कणांच्या वेगावरून तो वेगळा काढला आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. मग इलेक्ट्रॉनांबरोबर वाहत जाऊन दिसणारं विद्युतक्षेत्र घेऊन प्रवाहाशी गुणलं. उत्तर धन आलं तर क्षेत्राची ऊर्जा कणांकडे जाते आहे. ते धन आलं, आणि चंद्रकोर दिसली त्याच्या आसपासच. विद्युतक्षेत्राच्या नोंदीत गोंगाट बराच असतो, त्यामुळे एकट्या या गुणाकारावर मी विसंबत नाही; पण झोत, कोर आणि हा गुणाकार तिघेही एकाच ठिकाणी बोट दाखवत असतील तर नाकारायला जागा उरत नाही.

व्हायव्हामध्ये बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाकी सगळं सोडून एकच धरलं: "लंब दिशा बरोबर आहे कशावरून?" मी दोन्ही रीतींनी काढलेल्या दिशांमधला कोन दाखवला, नोंदींचा तुकडा थोडा पुढे-मागे घेतला तर तो किती हलतो तेही. त्यांनी मान हलवली आणि वही जवळ ओढून बराच वेळ ती पानं बघितली.

सध्या 11 जुलै 2017 ची घटना घेतली आहे. ती शेपटीतली, पृथ्वीच्या त्रिज्येच्या 22 पट अंतरावरची, काकांच्या हिरव्या पडद्यांच्या बाजूची. तिथे दोन्हीकडची घनता जवळपास सारखी असते, त्यामुळे सीमा ओळखायची माझी पहिली खूणच उपयोगाची नाही. इलेक्ट्रॉनांचे झोत मात्र सेकंदाला पंधरा हजार किलोमीटरपर्यंत गेलेले आहेत. चारही यानांच्या क्षेत्राच्या फाइली उतरवून झाल्यात, इलेक्ट्रॉनांच्या आज रात्री लावते.